मुंजाबाची झील

बिभीषणने काउंटरवरचं ते यंत्र उचललं, दुकानदाराला चालू करायला लावलं आणि सरळ कानाला लावलं.

"काका, घड्याळ नाय ते," आकाश म्हणाला. औरंगपुऱ्यातलं ते दुकान त्याचं होतं आणि गिऱ्हाइकाला हसायचं नाही एवढं पथ्य तो पाळत असे, पण आज त्याला आवरलं नाही. "कम्प्युटर हाय. हौ, छोटा हाय, पर कम्प्युटरच हाय."

"दिसतंय मला. चालू केलास का पण?"

"कवाच केला."

"मंग आवाज कुठंय?"

"लई बारीक हाय काका आवाज. त्याच्यासाठीच तर लोक घेतात ना. आत पंखा हाय, पर एकदम हळू."

बिभीषणने यंत्राच्या मागच्या जाळीवर तळहात धरला. कोमट वाऱ्याची झुळूक लागली तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. वारा येतोय म्हणजे आत काहीतरी फिरतंय आणि फिरतंय म्हणजे जिवंत आहे. वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपचा मेंटेनन्स फिटर होता तो. पत्र्यावर दणादणा साचे आपटणाऱ्या अगडबंब प्रेसांच्या मधोमध त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. मशीन आजारी आहे की धडधाकट, हे तो तिच्या अंगाला हात लावून ठरवायचा आणि त्याच्या मते जे यंत्र हूं की चूं करत नाही ते बंद पडलेलं असतं. म्हणूनच आकाशने शेजारी ठेवलेली दुसरी डबी त्याने हातात घेतली न घेतली तोच खाली ठेवली. तिला पंखाच नव्हता. चटणीच्या डब्याएवढी धातूची वस्तू, पाठीवर नुसत्या खाचा. आत हलणारं काही नाही, डुलणारं काही नाही. असल्या मुक्या गोळ्याच्या हवाली बापाचा आवाज करायला त्याचं मन धजेना.

"हेच दे," तो पंख्याच्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाला. "ह्याच्यात दम हाय."

आता बापाचा आवाज म्हणजे काय, ते सांगायला हवं.

बिभीषणचा बाप मुंजाबा हा वेरूळच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. जन्मभर मेंढरांमागे हिंडला. त्याचा फोटो म्हणावा तर मतदान कार्डावरचा एकच आणि त्यात तो मुंजाबा सोडून दुसरा कुणीही वाटावा असा आला होता. पण आसपासच्या वाड्यावस्त्यांवर त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता, कारण लोक त्याला ओळखत ते आवाजावरून. सणावाराला, जत्रेला धनगर मंडळी ढोलाच्या तालावर देवाच्या ओव्या म्हणायला बसतात, त्याला सुंबरान मांडणं म्हणतात. एकजण पुढे बसून ओवी सांगतो, मागचे तिची झील धरतात, म्हणजे त्याची ओळ उचलून पुढे ओढत नेतात. वाडीत पुढे बसायचा तो कडुबा. पहाडी गळा, भरघोस मिशा आणि स्वतःवर बेहद्द खूश. मुंजाबा बसायचा मागे. कुणी कितीही आग्रह केला तरी तो कधी पुढे सरकला नाही. "मला मागंच बरं हाय," एवढंच म्हणायचा आणि घोंगडी सारखी करायचा.

पण त्याची झील वेगळी होती. कडुबाची ओळ संपायच्या अर्धा श्वास आधीच ती निघायची. बारीक, उंच, जरा थरथरती. तिच्या पाठोपाठ बाकीचे यायचे. कडुबाला श्वास घ्यायला जी उसंत मिळायची ती मुंजाबामुळे, पण हे कडुबाने हयातीत कबूल केलं नाही ते नाहीच. म्हाळसाबाईला मात्र पक्कं ठाऊक होतं. मुंजाबाची ही बायको चुलीपुढे भाकरी थापता थापता लांबून येणारं सुंबरान ऐकायची आणि तिचं म्हणणं असं, की वाऱ्यावर कडुबाचा आवाज पोचायच्या आधी तिला नवऱ्याची झील ऐकू यायची. ती ऐकू आली की ती तव्यावर त्याच्या वाटणीची भाकरी टाकायची.

मुंजाबा गेला आणि बिभीषण आईला शहरात, पुंडलिकनगरला घेऊन आला. घर बैठं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, समोर हातभर अंगण. म्हाळसाबाई पुढच्या खोलीत राहू लागली. सून आवडा तिला जपत होती, नात प्रांजली तिच्याच कुशीत मोठी झाली आणि शिकून पुण्याला नोकरीला लागली. म्हाळसाबाईची तक्रार कसली म्हणून नव्हती. फक्त एके दिवशी शेंगा फोडता फोडता ती सहज बोलून गेली.

"डोळं मिटलं की तुहा आबा दिसतो रं बिभीषणा. समदा दिसतो, पायातल्या वाहणांसकट. पर आवाज येत नाय आता. आधी यायचा. आता नुसतं तोंड हालतं."

बिभीषण तिच्याकडे न बघता शेंगा फोडू लागला. कारण त्याच्याही कानातून तो आवाज कधीच निघून गेला होता आणि हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

मग मागच्या वर्षी कडुबा गेला. तेराव्याला बिभीषण वाडीत गेला तेव्हा कडुबाच्या मुलाने एक पिशवी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. आत कॅसेटी. कडुबाने म्हणे तरुणपणी एक टेपरेकॉर्डर घेतला होता आणि सुंबरानाला बसला की तो आपल्या तोंडापुढे मांडायचा, आपलीच ओवी आपण ऐकायला. "आमच्या बापाची हौस," मुलगा म्हणाला. "पर मागं मुंजाबातात्याबी आसतील. घेऊन जा."

बिभीषणने ती पिशवी बसमध्ये मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरात एक जुना, उभा, भला थोरला कम्प्युटर होता, प्रांजलीच्या शाळेच्या वेळी घेतलेला. ती पुण्याहून फोनवर सांगत गेली तसतसा बिभीषण शिकत गेला आणि त्याने एकेक कॅसेट वाजवून कम्प्युटरमध्ये उतरवली. कॅसेटींना बुरशी आली होती. कशीबशी एकदा वाजायची आणि मग पट्टी तुटायची. पण सगळ्या उतरल्या. त्यानंतर फिटरचा हात शिवशिवला. कॅसेटीत वाऱ्याचा घोंघाट होता, कुत्री होती, मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या होत्या, मागे बसलेल्यांचा गलका होता. बिभीषणला कुठलीच खरखर सोसायची नाही. त्याने खरखर काढायचा प्रोग्राम मिळवला आणि रोज कामावरून आल्यावर बसून एकेक गाणं घासूनपुसून लख्ख केलं. पडद्यावर उंच रेषा असेल ते ठेवायचं, बारीक रेषा असेल ते उडवायचं. काम संपलं तेव्हा कडुबाचा आवाज समोर बसल्यासारखा खणखणीत येत होता.

तुटक्या कॅसेटी भंगारात द्यायला म्हाळसाबाईने साफ नकार दिला. त्यांच्यात देवाचं नाव होतं. तेव्हा एका रविवारी मायलेक हर्सूलच्या तळ्यावर गेले, कॅसेटींवर भंडारा उधळला, हात जोडले आणि त्या पाण्यात सोडल्या.

मग टीव्हीला कम्प्युटर जोडला गेला आणि सुंबरान लागलं. म्हाळसाबाई पदर सावरून, देवळात बसावं तशी बसली. कडुबाची ओवी रंगात आली. एका जागी तो थांबला, खाकरला आणि त्याने मागे वळून विचारल्यासारखं विचारलं, "मुंजाबा, हायेस का रं मागं?" क्षणभर शांतता. मग पुन्हा ओवी. म्हाळसाबाई उठली. "कडुबा भावजी लई झ्याक म्हणतेत," असं म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनेच तेच गाणं लावायला सांगितलं आणि त्याच जागी उठून गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. बिभीषणच्या काही ध्यानात आलं नाही. आवडाच्या आलं.

"अहो, आत्याबाई रोज एकाच जागी उठतेत," ती नवऱ्याला म्हणाली. "ते विचारतेत ना, हायेस का म्हणून? तिथं."

बिभीषण आईजवळ जाऊन बसला. त्याने खोदून खोदून विचारलं. शेवटी आई म्हणाली, "कडुबा भावजी हाक मारतेत अन् हे ओ देत नायत. मला नाय ऐकवत ते."

तेव्हा कुठे बिभीषणला उमगलं. त्याने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. वाऱ्यासोबत, कुत्र्यांसोबत, घंट्यांसोबत मागे बसलेला बापही त्याने खरखर म्हणून काढून टाकला होता, आणि मूळ कॅसेटी हर्सूलच्या गाळात गेल्या होत्या.

तरी एक सवय त्याच्या मदतीला आली. कारखान्यात जुना पार्ट काढला की तो लगेच फेकायचा नाही, नवा नीट चालेपर्यंत फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवायचा, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. कम्प्युटरमध्येही त्याने न घासलेली गाणी तशीच एका कोपऱ्यात ठेवून दिली होती. ती सापडली तेव्हा त्याने देव्हाऱ्यापुढे नाक घासलं. मग लगेच मूळ गाणं लावलं. वारा आला, कुत्री आली. म्हाळसाबाई पुढे वाकली, कपाळाला आठ्या घातल्या, मग त्या उभ्या कम्प्युटरकडे बोट केलं.

"ही पेटी बंद कर आधी. लई घरघर करती. तिच्यामागं काहीतरी हाय."

"माय, ती बंद केली तर गाणंबी बंद पडंल."

"मंग तिला दुसरीकडं ने."

दुसरीकडे न्यायला घरात दुसरीकडे होतंच कुठे? शिवाय ती पेटी दिवसभर चालू ठेवली की तापायची, वीज खायची आणि वीज गेली की इन्व्हर्टरला घटकेत आडवा करायची. आवाज मोठा करून पाहिला तर कडुबा डरकाळ्या फोडू लागला आणि बाकीचे होते तिथेच राहिले. बिभीषणने कानात घालायचे इअरफोन आणले. म्हाळसाबाईने त्या काळ्या बोंडांकडे पाहिलं आणि हात झटकला.

"जित्या माणसाच्या कानात बोळे घालीत नसतेत. गेलेल्याच्या घालतेत. तुला लहानपणी सांगितलं नव्हतं का मी?"

सांगितलं होतं. सातआठ वर्षांचा असताना कान दुखतो म्हणून बिभीषणने कापसाचा बोळा कानात घातला होता, तेव्हा आईने तो उपसून चुलीत टाकला होता आणि पाठीत एक धपाटाही घातला होता. ते त्याच्या अजून लक्षात होतं.

असं सगळं झाल्यावर प्रांजलीने पुण्याहून तोडगा सुचवला होता. "पप्पा, तो डब्बा काढून टाका. एक छोटा कम्प्युटर घ्या, होम सर्व्हर म्हणून. फार ताकदीचा नकोच आहे आपल्याला, गाणी तर वाजवायचीत. दिवसरात्र चालू राहील, नाइट बल्बएवढी वीज खाईल आणि आज्जीने रिमोटचं बटण दाबलं की टीव्हीवर आबांचं सुंबरान. फक्त आवाज न करणारा बघा."

आणि म्हणून बिभीषण औरंगपुऱ्यात यंत्र कानाला लावून उभा होता.

चंपाषष्ठी तोंडावर आली होती. त्या दिवशी घरात खंडोबाची तळी भरायची, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि त्यानंतर मुंजाबाची झील घरात घुमायची, असं म्हाळसाबाईने मनाशी धरलं होतं. बिभीषणने नवं यंत्र टीव्हीमागे बसवलं, न घासलेली गाणी त्यात घातली, जुन्या कम्प्युटरची वायर काढली आणि आईला हाक मारली.

"बघ. हाय का काही आवाज?"

म्हाळसाबाईने कान दिला. "व्हय. कुजबुजतंय."

"काय कुजबुजतंय? मी दुकानात कानाला लावून घेतलंय."

"आरं पर कुजबुजतंय ना ते. सू सू करतंय, भिताडाच्या फटीतून वारं यावं तसं. त्यांचा आवाज बारीक, ह्याचाबी आवाज बारीक. दोनी एकात मिसळतेत."

"तुहे कान वाजतेत माय."

"मह्या कानाला काय झालं नाय अजून."

"मंग मला कामून येत नाय ऐकू?"

मायलेकांची चांगलीच जुंपली. सणासाठी प्रांजली त्याच दुपारी पुण्याहून आली होती. ती चहाचा कप हातात घेऊन दारात उभी राहिली आणि हे थांबेल म्हणून वाट पाहत होती. थांबेना, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पप्पा, पंखा वाजतोय. मला इथपर्यंत येतोय."

बिभीषणने आवडाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, पण होकारार्थीच.

प्रांजलीने मोबाइल काढला. त्यात कसलीशी शिट्टी होती, आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक होत जाणारी. "ऐकू येईतोवर बोट वर ठेवा," ती म्हणाली. बिभीषणला हा खेळ माहीत होता. कारखान्यात दर वर्षी कानाची तपासणी होई, तेव्हा तो तपासणाऱ्या पोरीच्या हाताकडे बघायचा आणि तिने बटण दाबलं की बोट वर करायचा. आज प्रांजलीने त्याला पाठ करून बसवलं. त्याने बोट वर केलं. थोड्या वेळाने शिट्टी थांबली असं वाटून त्याने ते खाली घेतलं. मागे वळून पाहिलं तर तिघींची बोटं अजून वर होती. सत्तरी ओलांडलेल्या म्हाळसाबाईचंसुद्धा.

टीव्हीमागचं यंत्र कुजबुजत असावं, पण ते बिभीषणला कळायला मार्ग नव्हता.

"कारखान्यात कानात घालायला काय देत नसतेत का रं?" म्हाळसाबाईने विचारलं.

"देतेत की. पिवळे बोळे देतेत."

"मंग?"

पहिल्या आठवड्यातच त्याने ते कानात घातले होते. प्रेसांचा दणदणाट लांब गेला, स्वतःचाच श्वास मोठा ऐकू येऊ लागला आणि त्याला एकदम चुलीत जळणारा तो कापसाचा बोळा आठवला. त्याने ते काढून खिशात टाकले आणि तिथून पुढे ते खिशातच राहिले.

"ते घातले की मशीन ऐकू येत नाय माय," तो म्हणाला. "मशीन नाय ऐकली तर दुरुस्त कशी करायची?"

आईला खोटं कळतं की नाही कोण जाणे. तिने उठून त्याच्या दोन्ही कानांवरून हात फिरवला, लहानपणी तेल घालताना फिरवायची तसा, आणि म्हणाली, "मही जीभ जळो."

"तसं नाय काही," बिभीषण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आकाशच्या दुकानात गेला. यंत्र काउंटरवर ठेवलं आणि त्या दिवशी नाक मुरडून बाजूला सारलेल्या बिनपंख्याच्या डबीकडे बोट केलं.

"हे दे. ह्याच्यात फिरतं काही नाय ना? नक्की?"

"कसम से काका, काहीच नाय. डिस्कबी फिरत नाय ह्याची. गरम झाला तर ह्या खाचांतून थंड होतो, बस." आकाशने डबी चालू करून पुढे केली. "घ्या, लावा कानाला."

बिभीषणने डबी हातात घेतली. हात अर्ध्यावर आला आणि थांबला.

"मी लावून काय उपेग नाय रं," तो म्हणाला. "बांध तशीच."

घरी आल्यावर म्हाळसाबाईने तिच्यावर भंडारा वाहिला. पंख्याचं यंत्र असतं तर हळद आत ओढली गेली असती आणि बिभीषण ओरडला असता, पण हिला आत जायला भोकच नव्हतं. त्याने डबी टीव्हीमागे न ठेवता देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवली, कारण आईला ती तिथेच हवी होती. म्हाळसाबाईने कान दिला. बराच वेळ दिला. मग म्हणाली, "ही गप हाय."

त्याच वेळी आवडाच्या फोनवर मेसेज आला, की दुरुस्तीसाठी चंपाषष्ठीला दुपारी वीज बंद राहील. सणाच्या दिवशी हे काय म्हणून ती कुरकुरली. म्हाळसाबाईचा चेहरा मात्र उजळला.

"तवाच लावू," ती म्हणाली. "फ्रीज, मोटरी, समदी गल्ली गप राहील. ही डबी चालंल ना लाइटबिगर?"

"इन्व्हर्टरवर टीव्हीसंगट आरामात चालंल. खातीच किती ती," बिभीषण म्हणाला. इन्व्हर्टर जिन्याखाली होता, त्याची गुणगुण आत येत नव्हती, असं तिघी म्हणाल्या. त्याने मान डोलावली. आता असल्या बाबतीत तो तिघींच्या शब्दावर होता.

चंपाषष्ठीला सकाळी सगळे शहरालगतच्या सातारा गावातल्या खंडोबाला जाऊन आले. तळी भरली, येळकोट झाला, सगळ्यांची कपाळं पिवळी झाली. भरीत-रोडग्याची पानं उठली आणि वीज गेली. शेजारच्या घरातली मालिका बोलता बोलता थांबली. बोअरची मोटर बंद पडली, फ्रीज थरथरून गप्प झाला. म्हाळसाबाई देव्हाऱ्यासमोर बसली. बिभीषण तिच्या शेजारी, अगदी चिकटून. प्रांजली आणि आवडा भिंतीला टेकल्या. म्हाळसाबाईने रिमोटचं बटण स्वतः दाबलं.

ढोल वाजला. कडुबाने ओवी सुरू केली. पहिली ओळ संपत आली आणि म्हाळसाबाईने एकदम बिभीषणचं मनगट धरलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. दुसरी ओळ संपत आली, तिने मनगट दाबलं. तिसरी, पुन्हा दाबलं. दर वेळी कडुबाची ओळ संपायच्या अर्धा श्वास आधी.

"आलं का?" ती पुटपुटली. "आलं का ऐकू?"

बिभीषणला ढोल ऐकू येत होता, कडुबा ऐकू येत होता. मागे गलका होता. त्या गलक्यात बाप होता, नक्की होता, आईच्या बोटांतून तो कळत होता, पण कानापर्यंत पोचत नव्हता. त्याला आईचा हेवा वाटला. लहान पोरासारखं रडावंसं वाटलं. मेंढरांमागून दमून येणाऱ्या त्या माणसाच्या आवाजाची अशी ओढ त्याला तो जिवंत असताना कधी लागली नव्हती. पुढच्या सोमवारी त्याला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं प्रांजलीने ठरवून टाकलं होतं आणि कानामागे लावायचं यंत्र मिळालं तर आलंही असतं काही ऐकू, पण आज, आत्ता ते नव्हतं.

कडुबा थांबला. खाकरला.

"मुंजाबा, हायेस का रं मागं?"

बिभीषण पुढे झुकला. क्षणभर शांतता. त्याच्यासाठी ती तशीच रिकामी होती, घासूनपुसून लख्ख केलेल्या गाण्यात होती तशी. पण शेजारी म्हाळसाबाई उठली नाही. तिने तोंडावर पदर धरला, तिचे खांदे हलू लागले आणि ती हसतेय की रडतेय हे त्याला समजेना. दोन्ही चाललं होतं.

"काय म्हणले?" त्याने घाईघाईने विचारलं. "माय, काय म्हणले आबा?"

"हाय की, म्हणले."

"मलापण आलं ऐकू," भिंतीजवळून प्रांजली म्हणाली, आणि तिचेही डोळे भरले होते.

बिभीषणने रिमोट घेतला, गाणं मागे नेलं. पुन्हा खाकरणं, पुन्हा हाक. त्याने डोळे गच्च मिटून, हाताचा पंजा कानामागे धरून ऐकलं. काही नाही. पुन्हा मागे नेलं. पुन्हा काही नाही. त्याने रिमोट खाली ठेवला आणि हातांच्या ओंजळीत तोंड घेतलं. "मला नाय येत, माय," तो म्हणाला.

म्हाळसाबाईने रिमोट उचलला. गाणं मागे कसं न्यायचं ते तिला एव्हाना बघून बघून कळलं होतं. कडुबा खाकरला. तिने लेकाचं डोकं आपल्याकडे ओढलं आणि त्याच्या कानापाशी तोंड नेलं.

"मुंजाबा, हायेस का रं मागं?" कडुबाने विचारलं.

आणि म्हाळसाबाईने, जिने जन्मात कधी सुंबरानात तोंड उघडलं नव्हतं, कडुबाचा प्रश्न संपायच्या अर्धा श्वास आधी, बारीक, उंच, थरथरत्या आवाजात ओ दिली, "हाय की!"

तेवढं बिभीषणला ऐकू आलं.